तारेविना उजळणारा दिवा : घरच्या घरी टेस्ला कॉइल

निकोला टेस्ला (१८५६–१९४३) यांनी १८९१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात विद्युत अभियंत्यांसमोर वायू भरलेल्या काचनळ्या तार न जोडता उजळून दाखविल्या. उच्च दाब निर्माण करणारे त्यांचे साधन आज ‘टेस्ला कॉइल’ म्हणून ओळखले जाते. मूळ साधन खर्चिक आणि धोक्याचे. परंतु त्यामागील तत्त्व एका ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने, ९ व्होल्टच्या बॅटरीवर, दोन-अडीचशे रुपयांत कोणत्याही विद्यार्थ्यास पडताळता येते.

साहित्य असे : एक इंच व्यासाची पीव्हीसी नळी, मोटार-वाइंडिंगच्या दुकानात मिळणारी ३० गेजची तांब्याची तार, ‘२एन२२२२’ ट्रान्झिस्टर, २२ किलो-ओहमचा रोधक, एक एलईडी, प्लास्टिकचे आवरण असलेली थोडी वायर आणि बॅटरी.

नळीवर तांब्याच्या तारेचे सुमारे २५० वेढे एकास एक लागून, एकावर एक न चढवता घ्यावेत. हे दुय्यम कुंतल. त्याच्या तळाशी वायरचे तीन-चार वेढे द्यावेत. हे प्राथमिक कुंतल. त्याचे एक टोक बॅटरीच्या धन अग्रास, दुसरे ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला जोडावे. दुय्यम कुंतलाच्या खालच्या टोकावरील लेप खरवडून ते बेसला जोडावे. वरचे टोक मोकळे राहील. रोधक धन अग्र व बेस यांमध्ये, तर एमिटर ऋण अग्रास. एलईडीचा लांब पाय ऋण अग्राकडे, आखूड पाय बेसकडे असावा.

बॅटरी जोडताच ट्रान्झिस्टर सुरू होतो व प्राथमिक कुंतलातून प्रवाह वाहतो. त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे दुय्यम कुंतलात दाब निर्माण होतो आणि तोच दाब बेसला खाली खेचून ट्रान्झिस्टर बंद करतो. हे चक्र सेकंदाला लाखो वेळा घडते. झोक्याला त्याच्या लयीत हलके ढकलत राहिल्यास तो उंच जातो, तसा वरच्या टोकाचा दाब वाढतो. भोवतालच्या विद्युतक्षेत्राने सीएफएलमधील वायू उत्तेजित होतो आणि दिवा उजळतो. सर्किट निकामी झालेला जुना सीएफएलही, काच शाबूत असल्यास, चालतो.

हे साधन घरगुती विजेवर कदापि जोडू नये. वरच्या टोकास स्पर्श करू नये. बारीक चटका बसतो. ट्रान्झिस्टर लवकर तापतो, म्हणून काही सेकंदच चालवावे. पेसमेकर किंवा श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी दूर राहावे. सीएफएलमध्ये पारा असतो. तो फुटू देऊ नये.

दिवा उजळताच पाहणाऱ्यांच्या तोंडी ‘चमत्कार’ हा शब्द येतो. अशा वेळी मुलाने प्राथमिक कुंतलाची दोन टोके आपसांत बदलून दाखवावीत. दिवा विझतो, टोके पूर्ववत केली की पुन्हा लागतो. कारण हाती आले की परिणामही हाती येतो, हे ज्याने स्वतः करून पाहिले, त्याला चमत्काराच्या नावाखाली फसविणे अवघड आहे.