हयातीच्या दाखल्यापलीकडे

नोव्हेंबर उजाडला की बँकांतून निवृत्तिवेतनधारकांची रांग लागते. डिजिटल दाखल्याची सोय २०१४ पासून झाली असली, तरी हयातीचा दाखला देण्यासाठी अनेक वृद्ध अद्याप खिडकीपाशी येतात, किंवा आणले जातात. माणूस जिवंत आहे एवढेच त्या दिवशी सरकारदप्तरी नोंदले जाते. तो कसा जगतो आहे, हे विचारणारा रकाना त्या कागदावर नाही. खिडकीमागच्या कारकुनाने मनावर घेतले, तर त्याला मात्र ते दिसू शकते.

वृद्धांचा छळ म्हटला की मारहाण डोळ्यांसमोर येते. ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकांतून १९७५ साली या विषयाला वाचा फुटली, तीही मारहाणीच्याच निमित्ताने. आपल्याकडे त्यापूर्वीच, १९७० साली, ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले होते. त्यातील आप्पा बेलवलकरांवर मुलीच्या घरी चोरीचा आळ येतो, आणि तेवढ्याने माणूस मोडतो. प्रेक्षक रडले, परंतु शेजारच्या बिऱ्हाडातले आप्पा ओळखण्याची दृष्टी त्यामुळे आली, असे म्हणवत नाही.

वस्तुतः ही चिन्हे अगदी साधी असतात. चष्म्याची काडी तुटून महिने लोटलेले असतात. कानात यंत्र असते, पण त्यात बॅटरी नसते. पायाची नखे वाढून वळलेली असतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर आणि टाचांवर जखमा झाल्या असतील, तर कूस बदलावयास कोणी फिरकत नाही, ही शंका घेणे भाग आहे. दोन्ही दंडांवर बोटांचे वळ असतील, तर ते पडल्यामुळे उमटले असे मानणे कठीण. तथापि, उतारवयात कातडी पातळ होते, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतात, आणि हातांवर काळेनिळे डाग किरकोळ धक्क्यानेही उठतात. एका डागावरून घरच्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा दुसरा अन्याय होय. (आपल्याकडे संशय मुलाआधी सुनेवर जातो, हेही ध्यानात असावे.) सांगितलेले कारण जखमेशी जुळते काय, आणि पुन्हा विचारल्यावर ते तेच राहते काय, हे पाहावे.

पैशाच्या बाबतीत कारकुनाइतका जवळचा साक्षीदार नाही. वर्षानुवर्षे वळणदार सही करणारे गुरुजी एकाएकी अंगठा उठवू लागतात. प्रश्न त्यांना, उत्तर चिरंजीवांचे; पासबुक तिसऱ्याच्याच खिशात. अशा वेळी ‘गुरुजी, जरा आत येऊन बसा’ म्हणून दोन मिनिटे त्यांच्याशी एकांतात बोलणे अवघड नाही. पहिल्या भेटीत ते बहुधा काही सांगणार नाहीत. अब्रू घरची, आणि उद्याची भाकरीही त्याच हातची.

२००७ च्या कायद्याने ही अडचण ओळखली आहे. साठी उलटलेल्यांचे अर्ज प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील न्यायाधिकरण ऐकते; वृद्धास स्वतः जाणे शक्य नसल्यास त्याने अधिकार दिलेली व्यक्ती वा संस्था अर्ज करू शकते, आणि न्यायाधिकरणाला आपण होऊनही दखल घेता येते. सल्ल्यासाठी १४५६७ हा दूरध्वनी क्रमांक आहे. सांभाळाच्या अटीवर दिलेले घर, अट मोडल्यास, परत मिळू शकते. मात्र ती अट असावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली एका निकालात म्हटले. बक्षीसपत्र करताना ती लिहून घेण्याची आठवण म्हाताऱ्याला कोणी करून द्यावी? दस्त नोंदवावयास त्याला घेऊन येतो तो बहुधा मुलगाच.