पेट्रोलचा काटा खोटं का बोलतो?

टाकी फुल्ल केली तरी काटा ‘ई’वरच लोळतोय? लगेच मीटर बदलायला धावू नका. मीटर बिचारा सांगकाम्या! घोळ बहुधा टाकीत, नाहीतर वायरीत असतो.

लिटर नव्हे, ओहम! टाकीतला फ्लोट पेट्रोलबरोबर वरखाली होतो, तशी त्याच्या दांडीची पत्ती रोधपट्टीवर सरकते. मीटरला कळतो तो फक्त हा ओहममधला बदलता रोध.

उलटी गंगा: जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत रिकामी टाकी म्हणजे 0 ओहम, भरलेली 90. जुन्या फोर्डमध्ये रिकामी 73, भरलेली 10. एकीचं टँक युनिट (फ्लोट आणि रोधपट्टीचा संच) दुसरीला बसवलं, तर पेट्रोल संपत जाईल तसा काटा वर चढेल!

कप्लरची कसोटी: जुन्या गाडीत टँक युनिटच्या वायरीचा कप्लर (जोड) काढून चावी फिरवली की काटा एका टोकाला जातो. सिग्नलची वायर अर्थला (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला) टेकवली की दुसऱ्या टोकाला. दोन्ही झालं, तर मीटर आणि ती वायर ठणठणीत. नव्या गाडीत हा खेळ नको, तिथे स्कॅनर लावतात. कोड पी 0462 आला तर सिग्नल फार कमी, पी 0463 आला तर फार जास्त. पेट्रोलचा वास येत असेल, तर मात्र कशालाच हात लावू नका.

गंजलेला अर्थ: अर्थचा स्क्रू गंजला की रोध वाढतो. 0 ते 90 वाल्या गाडीत मग टाकीत खडखडाट, आणि काटा म्हणतो भरपूर आहे!

गंधकाची खोडी: 2004 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाकडच्या काही पेट्रोलमध्ये गंधक जास्त राहिलं. टाकीतल्या सेन्सरमधली चांदी खराब झाली आणि गाड्यांचे काटे भरकटले.

आकाशातही तेच: 23 जुलै 1983. एअर कॅनडाच्या बोइंग 767 मध्ये इंधन मोजणाऱ्या यंत्रणेतला एक सोल्डरचा जोड कच्चा निघाला आणि इंधनमापक कोरे पडले. हिशेब हातावर आला. 22,300 किलो हवं होतं, प्रत्यक्षात होतं 22,300 पाउंड. म्हणजे निम्म्याहून कमी. 41,000 फुटांवर इंधन संपत आलं. वैमानिकांनी बंद पडलेल्या इंजिनांचं विमान कॅनडातल्या गिम्लीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. सगळे 69 जण वाचले.

दुरुस्तीपर्यंतचा जुगाड: टाकी फुल्ल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि किलोमीटरवरून पेट्रोलचा हिशेब ठेवा.