मालकी नव्हे, विश्वस्तपण

वाशीम जिल्ह्यातील शेतकरी पेरणीपूर्वी तिफणीची पूजा करतो. जमीन ही निव्वळ मालमत्ता नव्हे, ही जाणीव त्यामागे आहे. अमेरिकेत नेमक्या याच मुद्द्यावर धर्मविचाराला कठोर प्रश्नांना सामोरे जावे लागले.

१९६७ साली इतिहासकार लिन व्हाइट यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात पर्यावरणीय संकटाची मुळे पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात असल्याचे प्रतिपादन केले. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात देव मानवाला पृथ्वीवर सत्ता देतो. त्यामुळे निसर्ग केवळ उपभोगाची वस्तू ठरला, असा त्यांचा आक्षेप होता. मात्र पर्यायही त्यांना त्याच परंपरेत सापडला. तो होता पशुपक्ष्यांना भावंडे मानणाऱ्या असिसीच्या संत फ्रान्सिसचा.

या प्रश्नाला साहित्यातून भिडणाऱ्यांत केंटकी राज्यातील शेतकरी-लेखक वेंडेल बेरी (जन्म १९३४) यांचे स्थान मोठे आहे. ‘द गिफ्ट ऑफ गुड लँड’ (१९८१) या निबंधसंग्रहात ते बायबलमधील वचनदत्त भूमीच्या कथेचा नवा अर्थ लावतात. भूमी ही देणगी खरी, पण सशर्त. मालक देव आणि मनुष्य केवळ विश्वस्त. या न्यायाने मातीची धूप होऊ देणे हा शेतीतील दोष तर आहेच, पण तो श्रद्धेचाही भंग ठरतो.

महाराष्ट्रात अशी श्रद्धा प्रत्यक्ष रस्त्यावर उतरली ती वसईत. हिरव्या पट्ट्यावर बांधकामांचे आक्रमण होऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२-२०२४) यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून लोकांना संघटित केले. धर्मगुरूचे कार्यक्षेत्र प्रार्थनामंदिरापुरतेच असावे काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी कृतीने दिले. २०२० साली उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू होत.

एकाच धर्मग्रंथातून लुटीचा परवाना काढता येतो आणि जबाबदारीची आज्ञाही. निवड वाचणाऱ्याची असते. हे केवळ ख्रिस्ती समाजापुरते खरे नाही. तिफणीला हळदकुंकू वाहून बांधावरची झाडे तोडणाऱ्या हातांनाही हाच प्रश्न विचारावा लागेल.