मुखवटा चढवण्याआधीचा उपास

जुन्या जपानी कागुरा मुखवट्याची पाहण्यासारखी बाजू मागची. पुढून रंग दिसतो, शिंपल्यांच्या भुकटीचा पांढरा थर दिसतो, राक्षसाचे सुळे दिसतात. उलटा धरला की हिनोकी किंवा किरीच्या लाकडावरचे हत्याराचे घाव, कानांपाशी दोरीची भोके आणि कपाळ टेकते तिथे घामाने काळवंडून गुळगुळीत झालेले लाकूड दिसते. दुकानात पुढच्या बाजूची किंमत होते. मागच्या बाजूवरून कळते की हा मुखवटा खरोखर नाचला आहे.

कागुरा म्हणजे शिंतो देवांपुढचे नृत्य. त्याची मूळकथा इ. स. ७१२च्या ‘कोजिकी’त आहे. सूर्यदेवी अमातेरासू रुसून गुहेत बसली, जग अंधारले. तेव्हा आमे-नो-उझुमे पालथ्या घातलेल्या पिंपावर पाय आपटत अशी नाचली की सगळे देव खदखदून हसले आणि हा हशा कशाचा म्हणून देवी बाहेर डोकावली. मियाझाकी प्रांतातल्या ताकाचिहो परिसरात आजही नोव्हेंबर ते फेब्रुवारी गावोगावी ही कथा रात्रभर नाचतात. पूर्ण रात्रीचे नाच ३३.

हा विषय चेन्नईत बसून लिहावासा वाटला, कारण असल्या मुखवट्याचा सख्खा भाऊ याच तमिळ मुलखात आहे आणि त्याला पुन्हा उभे करायला हात देणारी माणसे चेन्नईची होती. तंजावरजवळच्या मेलट्टूर गावी नृसिंह जयंतीच्या सुमारास भागवतमेळा हा नृत्यनाट्यांचा उत्सव होतो. त्यातले ‘प्रह्लादचरित्रम्’ हे नाटक रात्री सुरू होते. आधी कोणंगी हा विदूषक येतो, मग एक लहान मुलगा गणपतीचा मुखवटा लावून येतो. नृसिंह प्रकटेपर्यंत पहाट होत आलेली असते. नृसिंहाचा मुखवटा देवळात असतो, त्याची पूजा होते. तो चढवणारा माणूस त्या दिवशी उपास करतो. मुखवटा चढला की अंगात येते, आणि त्याला आवरायला माणसे दोन्ही बाजूंनी धरून उभी असतात. समोरच्या हिरण्यकशिपूला खरोखर इजा होईल ही भीती तिथे नाटकातली नसते.

ही नाटके तेलुगूत आहेत. ती रचणारे मेलट्टूर वेंकटराम शास्त्री तंजावरच्या मराठ्यांच्या काळातले. मेलट्टूरची जमीन नायक राजांनी ब्राह्मण कुटुंबांना दिली होती. त्यांच्यामागून आलेल्या भोसल्यांनी ती परंपरा मोडली नाही. तंजावरच्या गादीवरील शहाजीराजांनी तर स्वतः तेलुगूत आणि मराठीत नाटके लिहिली. मराठी नाटकाचा इतिहास १८४३ साली सांगलीत झालेल्या प्रयोगापासून सांगताना आपण तंजावर एका ओळीत उरकतो, याची मला खंत वाटते.

१८५५मध्ये तंजावरची गादी खालसा झाली आणि राजाश्रय संपला. पुढे शिकलेली पिढी नोकरीसाठी मद्रासला गेली, गावचा मेळा थंडावला. विसाव्या शतकात मेलट्टूरच्या गणेश अय्यरांनी तो पुन्हा उभा केला. त्यांच्या पाठीशी होते मद्रासचे वकील आणि म्युझिक अकादमीचे कार्यकर्ते ई. कृष्ण अय्यर. पुढे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी याच परंपरेतली नाटके कलाक्षेत्रात बसवली. शहराने गावाकडून नेलेल्या कलेचे थोडे ऋण फेडले, असे मी मानतो.

जपानातही राजसत्तेचा असाच हात लागला. मेजी सम्राटाच्या काळात पुजाऱ्यांना कागुरा नाचायला मनाई झाली, तेव्हा इवामी भागातल्या गावकऱ्यांनी तो अंगावर घेतला. त्यांचा नाच वेगवान, लाकूड जड. म्हणून मातीच्या साच्यावर वाशी कागदाचे थर चिकटवून, वाळल्यावर साचा फोडून मुखवटे होऊ लागले. आपल्या जव्हार-मोखाड्याच्या बोहाडा या सोंगांच्या उत्सवातही लाकडाच्या मुखवट्यांशेजारी कागदाच्या लगद्याचे मुखवटे आले. सोंग रात्रभर नाचवायचे तर मानेला भार पेलला पाहिजे. तिथेही नृसिंह येतो, आणि तिथेही मुखवट्याला आधी हात जोडतात.

भारत आणि जपान यांना जोडणारा एक धागा नोंदलेला आहे. दक्षिण भारतातला बोधिसेन हा भिक्षू चीनमार्गे ७३६मध्ये जपानला पोचला आणि ७५२मध्ये नारा येथील तोदाइजीच्या महाबुद्धाचे डोळे त्याने रंगवले. त्या सोहळ्यात गिगाकू हे मुखवटानाट्य झाले. त्यातले मुखवटे शोसोइन भांडारात आजही आहेत, आणि गिगाकूच्या पात्रांत चोचीचा गरुडही आहे. गिगाकू बौद्ध, कागुरा शिंतो. त्यामुळे कागुरा भारतातून गेला असे म्हणणे चूक ठरेल. देवाचा चेहरा माणसाने काही तासांसाठी वागवायचा आणि त्यासाठी स्वतःला शुद्ध करायचे, ही समजूत दोन्हीकडे स्वतंत्रपणे रुजलेली दिसते. मला तर हे उसनवारीपेक्षा मोठे वाटते.

म्हणून जुना मुखवटा विकत घेणाऱ्यांना एकच विनंती. तो जपानचा असो वा जव्हारचा, कोणत्या गावचा, कोणत्या सोंगाचा आणि गावाने तो स्वखुशीने दिला का, हे आधी विचारा. उत्तर मिळाले तर लिहून मुखवट्यासोबत ठेवा. मिळाले नाही तर घेऊ नका. आणि वैशाख शुद्ध चतुर्दशीच्या आसपास तंजावरकडे असाल, तर एक रात्र मेलट्टूरला जागून काढा.