जगात जर्मनी, भारतात परभणी... आणि टर्न कुणाची?

दिवसाला फक्त एक चाल. सहा दोस्त, पाच गावं, दोन टाइम झोन. ऑनलाइन स्ट्रॅटेजी गेमचा डाव मांडणं सोपं असतं, तो मोडू न देणं हा खरा गेम!

परभणीचा माणूस जगात कुठंही भेटू द्या, पाचव्या मिनिटाला तो तुम्हाला ऐकवणारच, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी!’ या म्हणीचा नेमका अर्थ काय, याबद्दल आमच्याकडे चहाच्या प्रत्येक टपरीवर वेगळी थिअरी मिळते. पण आमच्या सहा जणांच्या ग्रुपमध्ये ती शब्दशः खरी झालीय. आमचा जो दोस्त स्टुटगार्टला नोकरी करतो, तो गेममध्ये ‘भारत’ आहे. आणि जो पालम तालुक्यात सोयाबीन-कापूस करतो, तो ‘जर्मनी’! ‘जर्मनी आपलीच हाय ना बे,’ एवढं एकच कारण देऊन त्यानं ती उचलली. मी ग्रीस. रोम हिंजवडीत कोडिंग करतो, इजिप्त हैदराबादला फार्मा कंपनीत आहे आणि पर्शिया परभणीच्याच कृषी विद्यापीठात रिसर्च करतोय.

तुम्ही म्हणाल, हे काय खूळ? तर याला म्हणतात टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी. इथं धाडधाड गोळ्या नाहीत, की बोटांची कसरत नाही. बुद्धिबळासारखी आपली पाळी आली की चाल करायची. शहर वसवा, रस्ता बांधा, शेजाऱ्याशी तह करा किंवा त्याच्या सीमेवर गुपचूप सैन्य नेऊन ठेवा. मग ‘नेक्स्ट टर्न’ दाबा आणि आपल्या कामाला लागा. आता पुढच्याची पाळी.

‘अजून एकच टर्न’वर उतारा

या जातीतला सगळ्यात गाजलेला गेम म्हणजे सिड मायरचा ‘सिव्हिलायझेशन’. १९९१ साली आला. पहिल्या भागापासून त्यात भारताचे नेते होते महात्मा गांधी, आणि ते ऊठसूट अणुबॉम्ब टाकतात, अशी एक दंतकथा गेमर्सनी वर्षानुवर्षं चघळली. प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे ते तसे वागतात, असं सांगितलं जायचं. शेवटी २०२० मध्ये आपल्या आत्मचरित्रात मायर यांनीच सांगून टाकलं, की असली काही चूक नव्हतीच!

पण या गेमची खरी बदनामी वेगळीच. ‘अजून एकच टर्न खेळतो’ म्हणत रात्रीचे तीन वाजतात आणि सकाळी नऊच्या मीटिंगला आपण डोळे चोळत हजर! यावर ऑनलाइन मल्टिप्लेअर हा रामबाण उपाय आहे. कारण तुमची चाल झाली, की बाकीचे पाच जण खेळेपर्यंत तुम्ही काहीच करू शकत नाही. दिवसाला दहा मिनिटं, विषय संपला.

आणि ही आयडिया आजची मुळीच नाही. पोस्टकार्डावर एकेक चाल लिहून बुद्धिबळ खेळणारे लोक इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून होते. ॲलन कॅलहॅमर या अमेरिकनानं ‘डिप्लोमसी’ नावाचा सात सत्तांचा बोर्ड गेम १९५९ मध्ये बाजारात आणला, आणि १९६३ पासून तो टपालानं खेळला जाऊ लागला. एका जागी सात माणसं जमवणं तेव्हाही अवघडच होतं! पुढे टपालाची जागा ई-मेलनं घेतली. आपली चाल खेळायची, गेमची सेव्ह केलेली फाइल पुढच्याला मेल करायची. २००५ च्या ‘सिव्हिलायझेशन ४’मध्ये तर ‘पिटबॉस’ नावाची सोय आली. एक कॉम्प्युटर कायम चालू, आणि ज्यानं त्यानं सवडीनं लॉगिन करून आपलं राज्य बघून जायचं. ‘फ्रीसिव्ह’ हा डॅनिश विद्यार्थ्यांनी सुरू केलेला फुकट गेम. त्याच्या ‘लाँगटर्न’ प्रकारात तर एक टर्न साधारण दिवसभर चालते.

आम्ही घेतला ‘अनसिव्ह’. फुकट, ओपन सोर्स, साध्या अँड्रॉइड फोनवर चालणारा. पालममधल्या शेतात रेंजच्या दोन कांड्या असल्या तरी भागतं, आमची अट तेवढीच होती.

गावाला तलाठी हवाच

सुरुवात २०२० च्या लॉकडाऊनमध्ये झाली. शाळेनंतर पहिल्यांदाच आम्ही सहाही जण एकाच वेळी परभणी जिल्ह्यात अडकलो होतो. मग ऑफिसं उघडली, एकेक जण देवगिरी एक्स्प्रेसनं, नाहीतर ट्रॅव्हल्सनं निघून गेला आणि मागे राहिला तो डाव.

पहिले दोन गेम एकेका महिन्यात मेले. भांडण नाही, काही नाही. कुणाची तरी टर्न आली, तो विसरला. दुसरा म्हणाला, त्याला सांगा. तिसरा म्हणाला, मी कशाला सांगू? संपलं! अशा गेमचा मृत्यू असाच होतो. युद्धात कुणी मरत नाही, वाट बघण्यात मरतात.

मग सगळ्यांनी मिळून मला ‘तलाठी’ केलं. आमच्या राज्यांचा सातबारा माझ्याकडे. कुणाची टर्न किती वाजता आली, किती वाजता झाली, कोण सुट्टीवर जाणार, कुणी कुणाशी तह केलाय असं म्हणतोय (आणि खरं कोणाशी केलाय!) हे सगळं एका शीटमध्ये.

तलाठी म्हणून पहिलं काम केलं ते पाळ्यांचा क्रम बदलण्याचं. आधी सगळे नावांच्या क्रमानं खेळायचे. मी प्रत्येकाला विचारलं, तू रोज नक्की मोकळा कधी असतोस? मग क्रम लागला तो असा. पर्शिया पहाटे सहाला, प्लॉटवर जायच्या आधी. रोम नऊला, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसल्या बसल्या. मी दुपारी जेवताना. इजिप्त संध्याकाळी सातला. भारत आपल्या रात्री साडेनवाला, तेव्हा स्टुटगार्टला उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा आणि हिवाळ्यात पाच वाजलेले असतात.

आणि सगळ्यात शेवटी जर्मनी. शेतीपंपाची लाइट पाळीपाळीनं दिवसा आणि रात्री येते. ज्या आठवड्यात ती रात्री असते, त्या आठवड्यात तो मोटर चालू करायला शेतात जातो आणि दारं धरता धरता बांधावर बसून राज्य चालवतो. ‘लाइटची टर्न झाली की माझी टर्न,’ हे त्याचं शेड्यूल. आमच्या कुठल्याही ऑफिसच्या कॅलेंडरपेक्षा पक्कं!

या एका बदलानं चार-चार दिवस रेंगाळणारी फेरी एका दिवसात येऊ लागली. तरी हिशेब करा. एक फेरी एक दिवस धरली, तर ३०० टर्नच्या गेमला दहा महिने लागतात. दहा महिन्यांत माणसांची लग्नं होतात, नोकऱ्या बदलतात. त्यामुळे एक कडक नियमही केला. ४८ तासांत टर्न आली नाही, तर ते राज्य कॉम्प्युटरच्या हवाली. आणि एकदा गेलेलं राज्य परत मिळणार नाही.

घड्याळ जिंकतं तेव्हा

ऑनलाइन खेळात समोरच्याइतकाच मोठा प्रतिस्पर्धी असतो घड्याळ. हे साऱ्या देशानं ३० ऑगस्ट २०२० ला पाहिलंय. कोरोनामुळे बुद्धिबळाचं ऑलिम्पियाड त्या वर्षी ऑनलाइन झालं. भारताचा कॅप्टन होता आपला नाशिकचा विदित गुजराथी, आणि संघात होती नागपूरची १४ वर्षांची दिव्या देशमुख. फायनल रशियाशी. पहिल्या लढतीत सहाही डाव बरोबरीत, ३-३. दुसऱ्या लढतीत निहाल सरिन आणि दिव्या यांचं कनेक्शन तुटलं. जगभरातच इंटरनेट कोलमडलं होतं. इकडे पटावर सोंगट्या तशाच उभ्या आणि घड्याळ मात्र पळतंय! दोघंही वेळेवर हरली आणि लढत रशियाच्या खिशात गेली.

भारतानं अपील केलं. नियमाचं पुस्तक उघडलं तर वेळ संपली म्हणजे संपली. पण ‘फिडे’चे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी शेवटी सुवर्णपदक दोघांनाही दिलं. काहींना ते पटलं, काहींना नाही. तीच दिव्या पुढे जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकून ग्रँडमास्टर झाली, तेव्हा मला आधी तो तुटलेला कनेक्शनवाला डावच आठवला.

कारण प्रश्न साधा आहे. माणूस खेळत नाहीये, की त्याला खेळता येत नाहीये, हे घड्याळाला कळत नाही. मग ते कुणी कळून घ्यायचं?

सप्टेंबर २०२५

तो प्रश्न आमच्या दारात आला सप्टेंबर २०२५ मध्ये. मराठवाड्यात तेव्हा पाऊस कसा कोसळला, हे तुम्ही टीव्हीवर बघितलंच असेल. सोयाबीन काढणीला आलेलं आणि शेतात गुडघाभर पाणी. जर्मनीची टर्न एका मंगळवारी रात्री आली. बुधवार गेला, गुरुवार गेला. फोन लागेना. ४८ तास संपले.

ग्रुपवर वाद पेटला. भारताचं म्हणणं, ‘नियम म्हणजे नियम. उद्या कुणीही कारण सांगेल.’ तो दुष्ट वगैरे नाही. उलट आमचे पहिले दोन्ही गेम असल्या ‘थांबू या जरा’नंच मेले, हे त्याच्याइतकं कुणाला लागलं नव्हतं. परदेशात राहणाऱ्याला हा डाव म्हणजे रोज परभणीत दहा मिनिटं जाऊन येणं असतं. तो बंद पडला तर त्याचं नुकसान आमच्यापेक्षा जास्त. रोम म्हणाला, थांबू या. इजिप्त म्हणाली, त्याला न विचारता त्याचं राज्य मशीनला द्यायचं म्हणजे त्याचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर केल्यासारखं आहे. पर्शियानं एकच वाक्य लिहिलं, ‘मी उद्या गाडी काढून पालमला जाऊन येतो, मग ठरवा.’

तो गेला, अर्ध्या वाटेतून परतला. ओढ्याला पूर होता. पण सगळे सुखरूप असल्याचा निरोप त्याला मिळाला. त्या रात्री मी घड्याळ थांबवलं आणि नियमात एक ओळ घातली. ‘माणसाशी बोलणं झाल्याशिवाय राज्य मशीनला द्यायचं नाही.’ त्या ओळीला पहिला अंगठा भारतानंच दिला. सोबत ग्रुपमधून मदत गोळा करायची यादीही त्यानंच टाकली.

अकराव्या दिवशी जर्मनीचा मेसेज आला. ‘सोयाबीन गेलं. घर ठीक हाय. टर्न कुणाची हाय?’

आम्ही सांगितलं, तुझीच. तो म्हणाला, ‘मंग खेळतो. अन् दया-बिया दाखवू नका रे.’ आम्ही दाखवलीही नाही. पुढच्या महिन्याभरात रोमनं त्याची दोन शहरं घेतली. जर्मनीनं ग्रुपवर त्याला अस्सल परभणीच्या शिव्या घातल्या, आणि ग्रुप पुन्हा पहिल्यासारखा वाजू लागला.

डाव मांडायचाय? मग हे वाचा

* माणसं चार ते सहाच घ्या. आठ जणांत एक जण कायम लग्नात असतो!
* क्रम नावानं नको, दिनक्रमानं लावा. प्रत्येकाची रोजची मोकळी दहा मिनिटं आधी विचारून घ्या.
* सगळ्यात साध्या फोनवर चालेल तोच गेम निवडा. ज्याचं नेट सगळ्यात कच्चं, त्याच्या हिशेबानं सगळ्यांनी खेळायचं.
* एक तलाठी नेमा. वरचेवर बदलू नका. आणि तोही खेळत असेल, तर त्याच्या टर्नची नोंद दुसऱ्यानं ठेवा.
* डेडलाइन हवीच. ती मोडायची कधी, हेही पहिल्याच दिवशी लिहून काढा. भर वादात लिहिलेला नियम कुणाला तरी टोचतोच.
* सुट्टी आधी सांगा. दिवाळी, अप्रेझल, पेरणी, परीक्षा, सगळं चालतं. न सांगता गायब होणं चालत नाही.
* तह मोडा, बिनधास्त मोडा. फक्त गेममधले.