मांजराची बोली

ज्या घरांत मांजर आहे तेथें ‘म्यांव’ हा शब्द दिवसांतून किती वेळां ऐकूं येतो, हें आपणांस सांगावयास नको. परंतु मांजराची सारी बोली या एका शब्दांत सामावली आहे, अशी कोणाची समजूत असेल तर ती बरोबर नाहीं. १९४४ सालीं मिल्ड्रेड मोएल्क या विदुषीनें पाळीव मांजराचे १६ ध्वनि नोंदले व तोंडाच्या ठेवणीवरून त्यांचे ३ वर्ग पाडले.

पहिल्या वर्गांत मिटल्या तोंडाचे ध्वनि येतात: मांडीवर बसल्यावर चालणारी संथ घुरघुर, आणि पिलांना हांक मारतांना गळ्यांत घोळविलेला थरथरता सूर. दुसऱ्यांत, तोंड उघडून हळूहळू मिटतांना निघणारें ‘म्यांव’. तिसऱ्यांत तोंड ताणून उघडें ठेवून काढलेले ध्वनि: गुरगुरणें, फिसकारणें व रात्रीं छपरावरून ऐकूं येणारें बोक्यांचें ओरडणें.

यांपैकीं ‘म्यांव’ची गोष्ट मोठी गमतीची आहे. मोठीं मांजरें आपसांत तें क्वचितच करतात. पिलूं आईला बोलावण्यासाठीं तें करतें. आणि माणसाजवळ राहणारें मांजर ही लहानपणची संवय माणसापुरती जन्मभर टिकवितें. २००३ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनीं परक्या मांजरांचे आवाज ऐकवून लोकांना प्रसंग ओळखावयास सांगितलें. उत्तरें निव्वळ अंदाजापेक्षां थोडींच सरस ठरलीं. मांजरांचा सहवास असलेल्यांचीं कांहींशीं अधिक. ‘म्यांव’ ही मुख्यतः लक्ष वेधणारी हांक आहे. तिचा अर्थ त्या त्या घरांतील मांजर व माणसें सहवासानें ठरवितात.

घुरघुरीविषयीं मात्र सावध राहिलें पाहिजे. श्वास घेतांना व सोडतांना, दोन्ही वेळीं ती स्वरयंत्रांतून निघते. खाणें मागतांना कांहीं मांजरें तींत रडण्यासारखा उंच सूर मिसळतात, असें २००९ सालीं इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठांत आढळलें. आणि दुखणाईत मांजरहि घुरघुरतें!

हें मला ठाऊक नव्हतें. आमची मनी एका पावसाळ्यांत खाटेखालीं पडून राहिली. दूधभातास तोंड लावीना. पण हात फिरवितांच घुरघुरे. “सुखांत आहे,” असें मीं घरांत सांगितलें. तिसऱ्या दिवशीं पशुवैद्यांकडे नेली, तों पंजांत पू झालेला. मनी वांचली, परंतु ते दोन दिवस तिनें माझ्या अज्ञानापायीं सोसले.

म्हणून सांगतों: मांजराचा आवाज ऐकावाच, पण त्याबरोबर त्याची वाटी रिकामी झाली कीं नाहीं, हेंहि पाहावें.