शरीअत आणि वऱ्हाडची काळी जमीन

१८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलेल्या वऱ्हाडातील आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, जेथे संपत्ती म्हटली की प्रथम कपाशीची काळी जमीनच डोळ्यांपुढे उभी राहते, तेथे मुस्लिम समाजाच्या वारसाहक्काचा विचार करताना १९३७ च्या शरीअत कायद्यातील एक अपवाद अवश्य ध्यानी घ्यावा. निकाह, मेहर, तलाक, हिबा (बक्षीस), वक्फ आदी बाबतींत रूढीऐवजी शरीअतच प्रमाण मानणाऱ्या त्या कायद्याने शेतजमीन मात्र वगळली. (खरी मेख हीच, असे मला वाटते!) कुराणाने मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा निश्चित केलेला असतानाही, नेमक्या शेताच्या बांधावर वहिवाटीला वाव राहिला. रिवाजाचा हा पगडा मेहरवरही दिसतो. मेहर ही तर पत्नीच्याच हक्काची रक्कम. पण निकाहनाम्यात नोंदलेली ती प्रत्यक्ष तिच्या हाती केव्हा पडावी, हे पुष्कळदा घराण्याचा रिवाजच ठरवितो.